उन्हाळ्यातही विहिरीला पाणी राहते कसे?

वैशाखात भोवतालच्या विहिरींचे तळ उघडे पडू लागले असताही, अहिल्यानगर जिल्ह्यातील पर्जन्यछायेतील हिवरे बाजार या गावी, जेथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस पडतो, पाणी टिकते कसे, असे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर ग्रामस्थांनी श्रमदानाने डोंगरउतारांवर समपातळीत चर खोदले. त्यामुळे पूर्वी माती घेऊन धावत सुटणारे पाणी थबकले, आणि एखाद्या स्पंजाप्रमाणे ते शोषून घेणाऱ्या मुरमातून व झिजलेल्या कातळाच्या भेगांतून महिनोन्‌महिने विहिरींकडे झिरपू लागले.

चर तर इतर गावांनीही खोदले. येथे मात्र ग्रामसभेच्या ठरावाने सिंचनासाठी विंधनविहिरी घेण्यास मनाई झाली, ऊस व केळी वर्ज्य ठरली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचा अंमल बसला, आणि पुढे पावसाळा सरताच उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीस काय पेरावे हे सर्वांसमक्ष ठरू लागले. माझ्या मते हा स्वेच्छेने स्वीकारलेला निर्बंधच सर्वांत मोलाचा. मोकाट चराई थांबताच डोंगरावर गवत माजले, त्या कापून आणलेल्या चाऱ्यावर दुभती जनावरे पोसली गेली, दुधाचा पैसा बारमाही हाती येऊ लागला, आणि पोटासाठी शहरांकडे गेलेली अनेक कुटुंबे आपल्या शिवारात परतली.