क्रूस आणि अंतःकरण

बोरीवलीच्या पश्चिम भागात मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या आश्रयाने आलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ती ख्रिस्ती उपासनेखाली आणली आणि त्यांच्या माथ्यावर मठ उभारला. 1737 ते 1739 च्या मोहिमेत साष्टी व वसई मराठ्यांकडे आली. मठाच्या आज केवळ भिंती उरल्या आहेत. वास्तूवरील धर्मचिन्ह सत्तेबरोबर बदलते. पण माणसाचे मन इतक्या सहजी बदलते काय, हा प्रश्न हे अवशेष पाहताना पडल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माला परका नाही. पेला बाहेरून घासून आत लोभ ठेवणाऱ्या शास्त्री-परुश्यांवर खुद्द येशूनेच कठोर प्रहार केले. तोंडात जाणारे अन्न माणसाला विटाळत नाही, अंतःकरणातून निघणारे दुर्विचार विटाळतात, अशी त्याची शिकवण होती. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या महाराष्ट्राला तिचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु नव्या धर्माबरोबर आलेला प्रत्येक आचार त्यांनी मुकाट्याने स्वीकारला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असा रोखठोक प्रश्न त्यांनी आपल्या गुरुभगिनीला केला. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. त्यांची श्रद्धा दिसली ती 1889 साली मुंबईत उघडलेल्या शारदा सदनात आणि दुष्काळात अनाथ मुली-स्त्रियांना आसरा देणाऱ्या केडगावच्या मुक्ती सदनात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक याहीपुढे गेले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही स्थान होते. चर्चच्या नोंदवहीपेक्षा ख्रिस्तावरील निष्ठा त्यांनी श्रेष्ठ मानली.

याचा अर्थ विधी सर्वस्वी निरर्थक, असा नव्हे. टिळकांनी बाप्तिस्मा नाकारला नाही, तो स्वतः घेतला होता. सामुदायिक प्रार्थना एकट्या माणसाला आधार देते, उपवास हावरेपणाला आवर घालतो. विधी म्हणजे बांध. बांधाविना पाणी वाहून जाते हे खरे, पण पाणीच नसेल तर बांधाची शोभा ती काय? शिवाय अंतःशुद्धीचे नाव पुढे करून सर्व शिस्त झुगारणाराही दांभिकच ठरतो.

मग शुद्धीची कसोटी कोणती? वेदीपुढे नैवेद्य आणल्यावर रुसलेला भाऊ आठवला, तर नैवेद्य तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशूने सांगितले. रविवारी मिस्सेला जाणाऱ्याने आणि सोमवारी देवळात जाणाऱ्यानेही हे स्वतःला विचारून पाहावे. शेजाऱ्याशी धरलेला अबोला आणि मोलकरणीचा थकवलेला पगार कोणत्याही मेणबत्तीच्या वा निरांजनाच्या उजेडात झाकत नाही.