१७० अर्ज आणि आपला खालिद

आमच्या उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये गल्लोगल्ली क्रिकेटच. तरी विठ्ठलवाडीहून लोकल पकडून मुंबईचं कुपरेज फुटबॉल मैदान गाठणारे आम्ही काही फुटबॉलवेडे होतोच. म्हणून ही पोस्ट.

मनोलो मार्केझ गेल्यावर २०२५ मध्ये भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी १७० अर्ज आले. बार्सिलोनाचा माजी प्रशिक्षक झावी याच्या नावाचाही होता, तो बनावट निघाला! शेवटी तीन नावं उरली. स्टीफन कॉन्स्टन्टाइन याआधी दोनदा हे काम करून गेलेले. स्टेफान टार्कोविच तर स्लोव्हाकियाला युरो २०२० खेळवून आलेले, कागदावर तेच भारी.

पण खालिद जमीलचा हिशोब वेगळा. तुटपुंज्या पैशांत त्याने सात वर्षं मुंबई एफसीला आय-लीगमध्ये टिकवलं. तो गेला त्याच मोसमात क्लब तळाला, आणि त्याचा नवा क्लब आयझॉल २०१७ चा आय-लीग विजेता! इथले खेळाडू, इथली मैदानं, इथलं बजेट ओळखणारा माणूस. माझं मत तिथेच पडलं. १ ऑगस्टला तोच नेमला गेला, साव्हिओ मदेरानंतर १३ वर्षांनी पहिला भारतीय.

सव्वा महिन्यात ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरा क्रमांक. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावात सिंगापूरकडून १-२, आणि आशिया चषक हुकला.