ओट्यावर आलेला कायदा

सकाळी सहाला पहिला माणूस येतो, तोवर तात्यांची अंघोळ, पूजा आणि पेपर उरकलेला असतो. मराठवाड्यातल्या या आमदारांकडे मे २०१६मध्ये मी तीन दिवस मुक्कामाला होतो. कायदेमंडळाचा सभासद दिवसभर करतो काय, एवढंच पाहायचं होतं. वाड्यात शिरताना एक गोष्ट खटकली होती. शेत ट्रॅक्टरवर, आणि गोठ्यात मात्र चार थकलेले बैल.

ओट्यावर गर्दी वाढत गेली. कुणाच्या गावची डीपी जळालेली, कुणाची वारस नोंद अडकलेली, कुठे टँकरची खेप चुकलेली. पीए लेटरहेडचा गठ्ठा घेऊन बसलेला. तात्या आधी तलाठ्याला, वायरमनला फोन लावत आणि मग पत्रावर सही करत. "पत्रानं काम होत नाही. पत्र गेलं की पुढच्या वेळी फोन उचलतात," ते म्हणाले. नऊनंतर गाडी निघाली. दोन दहावे, एक साखरपुडा. लग्न चुकलं तर लोक चालवून घेतात, दहावा चुकला तर लक्षात ठेवतात. तीन दिवसांत कुणी एखाद्या विधेयकाबद्दल विचारलं नाही.

विधानसभेचं काम रात्री, लोखंडी कपाटापाशी. तात्यांनी तारांकित प्रश्नांच्या छापील याद्या जपून ठेवल्यात. प्रत्येक प्रश्नाला एकच शेपूट, 'हे खरे आहे काय?' आणि मंत्र्यांची उत्तरंही ठरलेली. 'हे खरे नाही.' 'अंशतः खरे आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' कोणत्या उत्तरामागे कोणता अधिकारी दडलाय, हे ओळखायला तात्यांना पहिली टर्म लागली.

ती टर्म १९९५ची. सोसायटीचे चेअरमन, मग जिल्हा परिषद आणि युतीच्या लाटेत विधानसभा. तात्या गळ्यात तुळशीची माळ घालणारे, एकादशी न मोडणारे. गाईच्या कत्तलीवर राज्यात १९७६च्या कायद्याने बंदी होतीच. ती बैल आणि वळूंनाही लावणारं विधेयक १९९५ला मंजूर झालं, तेव्हा त्यांनी मनापासून हात वर केला होता. पुढे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीत पडून राहिलं. मधे तात्या दोनदा पडले, २०१४ला पुन्हा निवडून आले. २०१५च्या फेब्रुवारीत संमती मिळाली आणि मार्चमध्ये कायदा लागू झाला. मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद. मी पोचलो त्याच्या थोडंच आधी, ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली होती. परराज्यातून आणलेलं गोमांस बाळगण्यावरचं कलम मात्र रद्द केलं.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा बैल घेऊनच आला. कासरा धरून ओट्यापुढे उभा राहिला.

"तात्या, बाजारात कुणी इचारीना. ह्याला घालू का तरण्या जोडीला घालू, एवढीच वैरण हाय."

पूर्वी थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा घेता येई. विकलेला बैल कुठे जातो, हे कुणी बोलून दाखवत नसे. कायद्यामुळे ऐन दुष्काळात ती वाटच बंद झालेली. तात्या बराच वेळ बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत राहिले.

"कायदा चुकला असं मी म्हणणार नाही," ते शेवटी म्हणाले. "पण कायदा केला तेव्हा वैरणीचं कुणी बोललं नाही. मीही नाही."

बैल गोठ्यात बांधला गेला. पाचवा. आधीचे चार कुठून आले होते, ते आता कळलं.

रात्री त्यांनी पीएला पावसाळी अधिवेशनासाठी प्रश्न सांगायला घेतला. "मराठवाड्यातील शेतकऱ्यांना वयस्क बैलांचा सांभाळ करणे अशक्य झाले आहे, हे खरे आहे काय?" पीएने मान वर केली. सरकार आपलंच आहे, एवढंच तो म्हणाला.

"लिही," तात्या म्हणाले.

उत्तर काय येईल, मी विचारलं. त्यांनी दिवा मालवायला हात उचलला.

"अंशतः खरे आहे."