पाण्याचा करार व जोखमीची वाटणी

विहीर खणावयास देताना शहाणा शेतकरी काम सुरू होण्यापूर्वीच बोली करून ठेवतो. कातळ लागल्यास दर काय, सुरुंगाचा खर्च कोणाचा, पाणी न लागल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, हे आधी ठरले म्हणजे पुढे तंटा उरत नाही. पाणीपुरवठ्याची योजना खाजगी कंपनीकडे सोपवितानाही हाच विचार करावा लागतो. तो न केल्यास काय घडते, हे दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या कोचाबांबा शहरात दिसून आले.

सप्टेंबर 1999 मध्ये तेथील पाणीपुरवठा व सांडपाण्याची व्यवस्था 40 वर्षांच्या कराराने ‘अग्वास देल तुनारी’ या कंपनीकडे देण्यात आली. मिसिकुनी धरण प्रकल्पाचा भारही या करारातच घातला होता. भांडवलावर सुमारे 15 ते 17 टक्के परताव्याची हमी होती. अर्थातच खर्चाची जोखीम अखेर नळधारकाच्या माथी आली. जानेवारी 2000 मध्ये पाणीपट्टी वाढली व काही घरांची देयके दुप्पट झाली. जादा पाणी मात्र आले नव्हते.

आसपासच्या शेतकऱ्यांना निराळीच चिंता लागली. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले पाट व स्वतः खणलेल्या विहिरी यांवरील आपला हक्क नव्या कायद्याने जाईल, असे त्यांस वाटले. शहरवासी व शेतकरी एकत्र आले. आंदोलनात एका तरुणास प्राणास मुकावे लागले आणि एप्रिल 2000 मध्ये करार रद्द झाला. तथापि टंचाई मिटली नाही. धरणही पुढे अनेक वर्षे रखडले.

यावरून घ्यावयाचा बोध सरळ आहे. जी जोखीम ज्याला आवरता येते, ती त्यानेच पत्करावी. बांधकामातील दिरंगाई, पंपाची नादुरुस्ती व जलवाहिनीची गळती ही ठेकेदाराच्या हातची गोष्ट. तिचा भुर्दंड त्यानेच सोसावा. पाण्याचा उद्भव, जुने हक्क व दराचे धोरण यांची जबाबदारी शासनाने वा ग्रामपंचायतीने घ्यावी. अवर्षण कोणाच्याच हाती नाही. म्हणून त्या वर्षी पाणी किती व तूट कोणी किती सोसावयाची, हे करारातच लिहून ठेवावे. गरिबांस सवलत द्यावयाची तर तिची तरतूदही आधीच करावी.

ग्रामसेवक बंधूंनी आपल्या गावची नळयोजना चालविण्यास देण्यापूर्वी कराराचा मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि प्रत्येक कलमापाशी एकच प्रश्न विचारावा : हे बिघडले तर भरून कोण देणार? उत्तर कागदावर नसेल, तर ते आपल्यालाच द्यावे लागेल, असे समजावे.