नवरात्र : निराहार की यताहार?

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघर घटस्थापना होते, देव्हाऱ्यातील देव घटी बसतात, आणि त्या दिवसापासून सुरू झालेला सणांचा ओघ दसरा, कोजागरी, दिवाळी असा वाहत कार्तिकी एकादशीपर्यंत खंडत नाही. या दिवसांत भाविकांच्या मुखातून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘आमचे नवरात्र अगदी कडक असते’. आणि दुसरे, बहुधा अष्टमीच्या सुमारास, ‘अंगात त्राण म्हणून उरले नाही हो!’ पहिल्या वाक्यातील अभिमान आणि दुसऱ्यातील कण्हणे यांचा कार्यकारणसंबंध प्रस्तुत लेखकाच्या ध्यानी येण्यास वयाचे एकसष्टावे वर्ष उजाडावे लागले.

इ. स. २०१८ च्या नवरात्रातील गोष्ट. आमच्या पंढरपुरातील एका देवीच्या देवळात नऊ रात्री माझी कीर्तने लावली होती. मधुमेह जडून तेव्हा आठ वर्षे झाली होती आणि दोन्ही वेळची गोळी चालू होती. परंतु नेम चाळीस वर्षांचा! दिवसातून एकदा पेलाभर दूध आणि एखादे फळ, यापलीकडे नऊ दिवस काही घ्यावयाचे नाही. डॉक्टरांना विचारले असते तर त्यांनी ‘नको’ म्हटले असते. म्हणून विचारलेच नाही. गोळी मात्र वेळच्या वेळी घेत होतो, कारण औषध चुकवू नये इतपत शहाणपण माझ्यापाशी होते. पोटात अन्न नसताना ती गोळी काय करते, हे कळण्याइतके मात्र नव्हते.

ललिता पंचमीची रात्र. पूर्वरंग उत्तम रंगला, बुक्का लावून झाला, आणि उत्तररंगाला मार्कंडेयपुराणातील सुरथ राजा व समाधी वैश्य यांचे आख्यान मी उभे केले. राज्य गमावलेला राजा अरण्यात येतो. बायकामुलांनी धनलोभाने घराबाहेर काढलेला वैश्यही तेथेच भेटतो. ज्यांनी हाकलले त्यांच्याच काळजीने दोघांचेही चित्त तळमळत असते, आणि मनाच्या या अस्वास्थ्याचे कारण विचारण्यास ते मेधा ऋषींच्या आश्रमात जातात. येथवर कथा ठीक चालली. पुढे मला दरदरून घाम सुटला, हातातील चिपळ्या थरथरू लागल्या, आणि सुरथ राजाला अरण्यात सोडून मी कथा एकदम हरिश्चंद्राच्या स्मशानात नेली! पेटीवाल्यांना वाटले, बुवांनी काही नवीन दृष्टांत योजला असेल. त्यांनी सूर बदलून साथ दिली. श्रोत्यांपैकी एका परिचारिकेच्या मात्र लक्षात आले, की बुवांचे शब्द अडखळताहेत. ती पुढे धावली, तोवर मी खाली बसलो होतो. जवळच्या दवाखान्यात रक्तातील साखर मोजली, ती ४८ भरली. सत्तरच्या खाली गेली की धोका, असे पुढे डॉक्टरांनी समजावले.

त्या रात्री देवीचा कोप झाला, नेमात काही उणे राहिले असावे, असे दोघा-तिघांनी मला एकांतात सुचविले. त्यांना उत्तर देण्यासाठी मी पुन्हा पोथी उघडली. ज्या आख्यानात मी अडखळलो त्याच्याच अखेरीस उत्तर होते. मेधा ऋषींच्या उपदेशावरून सुरथ आणि समाधी नदीकाठी देवीची मृण्मय मूर्ती करून तीन वर्षे आराधना करतात. त्या तपाचे वर्णन करताना पुराणकार ‘निराहार’ या शब्दाला लागूनच ‘यताहार’ हा शब्द योजतात. यत म्हणजे आवरलेला, मोजका. कधी अन्नत्याग, कधी मितभोजन, आणि चित्त देवीच्या ठायी. देवी प्रसन्न झाली ती या दोघांना. चाळीस वर्षे मी हे आख्यान लावीत आलो, पण कीर्तनाच्या भरात ‘निराहार’ शब्दावर सम येई आणि ‘यताहार’ टाळांच्या गजरात वाहून जाई.

धर्मशास्त्रही या बाबतीत लोक समजतात तितके कठोर नाही. ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ आजही महाराष्ट्रातील व्रतवैकल्यांच्या निर्णयासाठी उघडला जातो. त्याचे कर्ते काशीनाथ उपाध्याय आमच्या पंढरपूरचेच. शके १७१२ मध्ये, म्हणजे इ. स. १७९० च्या सुमारास, हा ग्रंथ सिद्ध झाला. आमचे हे निबंधकार उपवासाच्या पायऱ्या सांगतात. ज्याला पूर्ण उपवास झेपत नाही त्याने एकभुक्त राहावे, नाही तर नक्त, म्हणजे दिवसभर न खाता रात्री एकदा भोजन करावे. तेही अशक्य असेल तर पुत्र, पत्नी, बंधू अशांपैकी कोणी प्रतिनिधी म्हणून व्रत करावे. (पुरुषांच्या वाट्याचे उपवास बायकाच का करतात, याचे मूळ या शेवटच्या सवलतीत असावे असा माझा दाट संशय आहे!) शिवाय ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही म्हणून शास्त्रकार सांगतात, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर गुरूचे वचन आणि औषध यांचाही स्पष्ट निर्देश आहे. पाणी तर या यादीत पहिले! असे असता निर्जळी उपवासाने मूत्रपिंडाला पीडा देणाऱ्या रुग्णाने, किंवा ‘आज उपास आहे’ म्हणून रक्तदाबाची गोळी टाळणाऱ्या वृद्धाने, नेमके कोणते शास्त्र पाळले?

आता आहाराकडे वळू. नवरात्र येते शरद ऋतूत. पावसाळ्यात गारव्याला सरावलेल्या शरीरावर एकाएकी कडक ऊन पडते आणि साचलेले पित्त उसळते, असे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या ऋतुचर्येत म्हटले आहे. या ऋतूत वर्ज्य करावयाच्या गोष्टींत तो सौहित्य, दही, तेल आणि दिवसाची झोप यांची गणना करतो. सौहित्य म्हणजे आकंठ, तडस लागेपर्यंत खाणे. आता आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहावे : तळलेला साबुदाणावडा, सोबत दही, वर बटाट्याचा कीस, आणि तडस लागली म्हणून दुपारची डुलकी. वाग्भटाने जणू आपल्याच माजघरात डोकावून यादी केली!

गंमत अशी, की ज्यांना आपण सनातन उपवासाचे पदार्थ समजतो त्यांतील बहुतेक वाग्भटाने डोळ्यांनीही पाहिले नव्हते. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातील. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय खलाशांना तिकडची वाट सापडली, त्यानंतरच ती आपल्या देशात आली. त्यांना परकी म्हणून हाकलावे असे मी म्हणत नाही. खिचडी मलाही आवडते. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ केवळ पिष्ट. मधुमेह्याच्या रक्तातील साखर तो झपाट्याने चढवितो. त्यापेक्षा राजगिरा, वरी, दूध, ताक, काकडी, लाल भोपळा यांचा फराळ सोसण्यासारखा. सैंधवाविषयीही एक भ्रम आहे. रक्तदाबाच्या रुग्णाला ते साध्या मिठाइतकेच जपून वापरले पाहिजे, कारण तेही मीठच.

वरीच्या तांदळाबाबत, म्हणजे भगरीबाबत, एक सावधगिरी अवश्य बाळगावी. दमट हवेत तिला बुरशी लवकर लागते आणि त्या बुरशीतून विष निर्माण होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात एकादशीच्या प्रसादातील भगर खाऊन शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब झाले. सुटी भगर किंवा तिचे तयार पीठ घेऊ नये. पुडक्यावरील तारीख पाहून घ्यावे, निवडून, धुऊन, लागेल तेवढेच दळावे. उरलेली भगर पुढच्या उपवासापर्यंत डब्यात ठेवण्याची काटकसर अंगाशी येते.

येथवर शरीराचे झाले. शांतीचा प्रश्न राहिला, आणि तो मला घरातच भेटला. त्या पंचमीनंतर डॉक्टरांनी मला चार दिवस सक्तीने बसवून ठेवले. स्वयंपाकघराच्या दारात बसून मी प्रथमच पाहिले, की आमच्या घरात नवरात्रात तीन स्वयंपाक होतात : देवाचा नैवेद्य, उपवासाचा फराळ आणि उपवास नसणाऱ्यांचे जेवण. हे सारे करणारी व्यक्ती स्वतः उपाशी, आणि शिवाय नंदादीपावर काजळी धरली की काय म्हणून रात्री दोनदा उठणारी. मी म्हणालो, ‘‘अगं, घटकाभर टेक तरी.’’ ती पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘अहो, देवांना नऊ दिवस घटी बसवता, त्यांचे आसनसुद्धा हलवू देत नाही. घरातल्या बाईला कुणी बसवतं का?’’ चाळीस वर्षे मी व्यासपीठावरून स्त्रीरूपातील शक्तीची महती गात होतो. या प्रश्नाला माझ्याजवळ एकही दृष्टांत नव्हता.

पुढच्या वर्षापासून आम्ही घरात धान्यफराळ सुरू केला. धान्य भाजून दळायचे, त्याच पिठाची भाकरी व एक फळभाजी, आणि सर्वांसाठी ताट एकच. उपवास तिने उठता-बसता, म्हणजे पहिल्या व शेवटच्या माळेचा, ठेवला. फुलांच्या माळा नातू ओवतो. नंदादीप रात्री शांत झालाच तर देवीची क्षमा मागून पुन्हा लावावा, असे आम्ही दोघांनी मिळून ठरविले आहे, आणि गेल्या कित्येक वर्षांत तो फारसा शांत झालाही नाही.

जागरणाविषयी एवढेच, की अष्टमीची किंवा कोजागरीची एक रात्र जागणे निराळे आणि कर्ण्याच्या आवाजामुळे नऊ रात्री झोप न लागणे निराळे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे. सवलतीचे मोजके दिवस वगळता ती पाळली जावी, यासाठी मंडळांना भेटणे हेही देवीचे कार्यच मानावे. माझे कीर्तन आता सातला सुरू होऊन नऊला आरती होते. श्रोते कमी होतील अशी भीती होती. उलट लहान मुले वाढली.

माझा स्वतःचा नेम आता डॉक्टरांना घटस्थापनेच्या आठ दिवस आधी विचारून ठरतो. गोळीचे प्रमाण त्या दिवसांत ते बदलून देतात. ज्यांना इन्शुलिन चालू आहे, त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर विचारल्यावाचून एक वेळही उपाशी राहू नये. घाम, थरथर, छातीत धडधड किंवा बोलण्यात गोंधळ जाणवताच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालय गाठावे. मी प्रथम खडीसाखर बाळगीत असे. ती विरघळण्यास वेळ लागतो म्हणून डॉक्टरांनी बदलायला लावली. आता अंगरख्याच्या खिशात ग्लुकोजच्या पुडीची डबी असते.

यंदा ललिता पंचमीला पुन्हा सुरथाचेच आख्यान लावले आहे. पेटीवाल्यांना सांगून ठेवले आहे, की राजा अरण्यातून हरिश्चंद्राच्या स्मशानाकडे वळताना दिसला, तर भाता सोडावा आणि डबी उघडावी.