बिनतारी संच उशिरा सुरू होतो, तेव्हा आधी बॅटरी आणि तारा तपासा

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. दोन महिने जेटीला बांधून ठेवलेल्या ट्रॉलरवरील बिनतारी संच ऑगस्टमध्ये सुरू करताना कधी कधी रेंगाळतो. कळ फिरविली तरी पडदा उजळत नाही, किंवा उजळून पुन्हा विझतो. काही वेळाने संच चालू होतो आणि आवाजही ऐकू येतो. त्यामुळे या विलंबाकडे सहज दुर्लक्ष होते.

धोका नेमका येथेच आहे. ऐकताना संचाला सहसा एक अँपिअरहूनही कमी विद्युतप्रवाह लागतो. २५ वॉट शक्तीने बोलताना मात्र तो पाच-सहा अँपिअरपर्यंत जातो. ज्या जोडणीतून संच सुरू होण्यापुरतीही वीज नीट पोहोचत नाही, ती १६ क्रमांकाच्या चॅनेलवरून संकटाची हाक देतानाच दगा देऊ शकते.

म्हणून संच उघडण्यापूर्वी विजेचा मार्ग तपासावा. इंजिन बंद असताना पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखविते. त्यानंतर दुसऱ्या, मोकळ्या चॅनेलवर क्षणभर बोलण्याचे बटण दाबून बॅटरीच्या टोकांवर आणि संचाच्या जोडणीपाशी दाब मोजावा. अँटेना जोडलेला नसताना बटण दाबू नये. संच निकामी होऊ शकतो. दोन्ही ठिकाणच्या दाबांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास दोष तारेत, फ्यूजच्या खोबणीत किंवा सांध्यात असतो. खाऱ्या हवेने तेथे हिरवट-पांढरे क्षार साचतात. ते घासून काढावेत, सांधे घट्ट करावेत आणि ऋण तारही विसरू नये. फ्यूज बदलायचा झाल्यास तेवढ्याच क्षमतेचा घालावा. एवढ्या भारानेही खुद्द बॅटरीचाच दाब झपाट्याने उतरत असेल, तर बॅटरी थकली आहे असे समजावे.

दोन्हीकडे दाब योग्य असूनही संच रेंगाळत असेल, तर दोष आतला. जुन्या संचांतील कपॅसिटर कालांतराने सुकतात. ते काम तंत्रज्ञाकडेच सोपवावे. काही नव्या संचांना स्वयंतपासणीसाठी मुळातच काही सेकंद लागतात. त्यामुळे हा विलंब पूर्वीपेक्षा वाढला आहे का, हे आधी पाहावे आणि ही सारी तपासणी बोट जेटीवर असतानाच उरकावी.