अप्पांचे अल्बम आणि मागच्या सोप्याची कौले

एप्रिल २०१७ मधली गोष्ट. सकाळी साडेसातला सिन्नरहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. ‘‘पेपर वाचलास का? गांधीजींची चार तिकिटं लंडनच्या कंपनीनं पाच लाख पौंडांना विकली. म्हणजे चार कोटी! अगं, अप्पांच्या अल्बमात गांधीजी आहेत. मी आत्ताच काढून बघितलं.’’

दादाचा आवाज थरथरत होता, आणि त्याला कारणही होते. सिन्नरचे आमचे घर जुने, कौलारू. आदल्या पावसाळ्यात मागच्या सोप्याचे दोन वासे खचले होते. दादा निवृत्त, वहिनींचा दवाखाना सुरू. मिस्त्रीने एक लाख वीस हजारांचा आकडा सांगितला, तेव्हा घरात कोणी काही बोलले नव्हते. त्यामुळे अल्बम विकून छप्पर होईल का, हा त्या उन्हाळ्यात आमच्या घरातला खरा प्रश्न होता.

मी काही या विषयातली जाणकार नव्हे. पण पुढचे काही महिने मी या मागे लागले, नाशिकच्या एका जुन्या संग्राहकांकडे बसून शिकले. ते आज सांगायचे ते अशासाठी, की असा एखादा अल्बम तुमच्याही माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेला असेल.

आधी त्या गांधीजींच्या तिकिटाचे बघू. स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, टपाल खात्याने गांधीजींची चार तिकिटे काढली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधली. तिकिटावर ‘बापू’ हा शब्द नागरीत आणि उर्दूत. यातली पहिली तीन तिकिटे मिळून सतरा आणे, म्हणजे एक रुपया एक आणा होतो. तेवढे पैसे अप्पांनी खर्च केले. चौथ्या तिकिटासाठी त्यांनी अल्बमात चौकोन आखून ठेवला आणि तो तसाच रिकामा राहिला. विडी कारखान्यातल्या कारकुनाला दहा रुपये तिकिटावर घालवणे परवडणारे नव्हते. अप्पांसारखे हजारो लोक त्या वेळी असाच विचार करून खिडकीवरून परत फिरले असणार. म्हणूनच आज त्या दहा रुपयांच्या एका तिकिटाची किंमत उरलेल्या तिघांच्या मिळून किमतीच्या कितीतरी पट आहे.

आणि पाच लाख पौंडांना गेली ती तिकिटे तर याहून वेगळी. दहा रुपयांच्या तिकिटावर ‘सर्व्हिस’ असा शब्द छापून गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी अवघ्या शंभर प्रती काढल्या होत्या. त्यातली एकमेकांना जोडलेली चार तिकिटे विकली गेली. चित्र तेच, माणूस तोच, पण एका शब्दाने कोट्यवधींचा फरक पडला. फोनवर हे सांगितले तेव्हा दादा बराच वेळ गप्प होता.

दुसरा गैरसमज असा, की तिकीट जितके जुने तितके मौल्यवान. तसे नसते. आशियातले पहिले टपाल तिकीट म्हणजे १८५२ चे ‘सिंध डाक’. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. ती तिकिटे थोडी छापली गेली, त्यातली थोडीच टिकली, म्हणून ती दुर्मीळ. पण दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, साऱ्या हिंदुस्थानासाठी व्हिक्टोरिया राणीची तिकिटे कलकत्त्याला छापली. त्यातले अर्ध्या आण्याचे निळे तिकीट इतके छापले आणि वापरले गेले, की पावणेदोनशे वर्षांचे होऊनही साधारण अवस्थेतले तिकीट नोकरदार माणसाला घेता येते. त्याच वर्षीच्या चार आण्यांच्या काही तिकिटांवर राणीचे डोके चुकून उलटे छापले गेले, ती मात्र जगातल्या मोजक्या संग्रहांत आहेत. म्हणजे वय नव्हे, तर शिल्लक किती आणि हवे आहे किती जणांना, यावर भाव ठरतो.

आपल्या नाशिककरांना तर एक गंमत घरबसल्या पाहता येते. सिन्नरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, नाशिकरोडला, १९२५ मध्ये प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले. त्याआधी आपली तिकिटे लंडनहून छापून येत. १९२६ पासून ती नाशिकरोडला छापू लागले. पंचम जॉर्जचे तिकीट तेच, रंगही तेच. पण तिकीट पालथे करून काळ्या कागदावर ठेवा. कागदात एकच मोठा तारा दिसला तर ते लंडनचे, आणि बारीक ताऱ्यांची रांगोळी दिसली तर आपल्या नाशिकचे. याला जलचिन्ह म्हणतात. दिसायला जुळी असलेली दोन तिकिटे संग्राहकाच्या लेखी वेगळी, आणि कधी कधी त्यांचे भावही वेगळे. म्हणून ‘एकसारखी’ म्हणून ढीग करण्याआधी पाठ, कडेचे दाते आणि वरचे छापील शब्द बघायचे असतात.

अप्पांचे अल्बम तीन. त्यातला सर्वात जाडा अल्बम परदेशी तिकिटांचा. हंगेरी, पोलंड, रशिया, आणि अजमान, फुजैरा अशा आखाती संस्थानांची मोठाली रंगीत तिकिटे. लहानपणी आमचा जीव की प्राण. पण यातली बरीचशी तिकिटे पत्रावर लागण्यासाठी नव्हे, तर जगभरच्या मुलांना पुडक्यांतून विकण्यासाठीच छापलेली होती. काहींवर तर छापखान्यातच शिक्का मारून ती बाहेर पडत. त्यांना आज जवळजवळ भाव नाही. भारताच्या १९७० नंतरच्या बहुतेक स्मारक तिकिटांचेही तसेच. ती लाखांच्या संख्येने छापली गेली आणि हौशी लोकांनी ती जपूनही ठेवली. जे सगळ्यांनी जपले, ते दुर्मीळ कसे होणार?

मग अवस्था. दाते तुटलेले, मागचा डिंक गेलेला, दमट हवेने तांबूस डाग पडलेले, चिकटपट्टी लावलेले तिकीट असेल, तर किंमत निम्म्याहून खाली येते, कधी शून्यही होते. आमच्या तीन गांधींपैकी बारा आण्याच्या गांधीजींवर असाच डाग होता.

आणि आता माझा गुन्हा कबूल करते. १९६४-६५ च्या सुमारास अप्पांनी कारखान्यातून जुन्या पाकिटांचे पोते घरी आणले होते. निपाणीच्या तंबाखूवाल्यांची, चांद्याच्या पानवाल्यांची पत्रे, तीस-पस्तीस वर्षांची. मी आणि धाकट्या भावाने दिवाळीच्या सुट्टीत बसून त्या पाकिटांवरची तिकिटे कात्रीने कापून काढली, पाण्यात भिजवून सोडवली, आणि पाकिटे बंबात घातली. अप्पांनी शाबासकी दिली. त्या काळी सगळे असेच करत.

नाशिकच्या त्या गृहस्थांनी हे ऐकले आणि कपाळाला हात लावला. सुटे तिकीट म्हणजे नुसते तिकीट. पण अख्ख्या पाकिटावर गावाचा शिक्का असतो, तारीख असते, टपालाचा दर कळतो, कोणत्या वाटेने पत्र आले ते कळते. ऑगस्ट १९४७ नंतर शिक्क्यांत ‘जय हिंद’ आले, पण तिकिटावर मात्र अजून सहाव्या जॉर्जचे डोके, अशी पाकिटे स्वतंत्र देशाचे पहिले दिवस दाखवतात. दोन-चार आण्यांचे सुटे तिकीट कोणी विचारत नाही. तेच तिकीट चांगल्या शिक्क्यासह पाकिटावर असेल, तर घेणारे पुढे येतात. आम्ही पोतेभर इतिहास बंबात घातला होता.

मधल्या काळात सिन्नरच्या घरी एक व्यापारी येऊन गेला. दहा मिनिटांत तिन्ही अल्बम चाळले आणि सरसकट सहा हजार सांगितले. जाता जाता म्हणाला, ‘‘तो पत्र्याचा डबाही द्या, रद्दीच आहे.’’ दादा तयार झाला होता. वहिनी म्हणाल्या, ‘‘ताईंना विचारल्याशिवाय नको.’’ त्यांच्या या एका वाक्याने आम्ही वाचलो. त्या बिस्किटांच्या डब्यात अप्पांनी आमच्या कात्रीपासून लपवलेली एकेचाळीस अख्खी पाकिटे निघाली.

याच्या उलट टोकाची चूकही होते. दादाने कुठून तरी किंमतसूची मिळवून वहीत बेरीज मांडली. ती आली एक लाख ऐंशी हजार. लंडनची स्टॅन्ली गिबन्स काय किंवा आपल्याकडची ‘फिला’ काय, सूचीतली किंमत म्हणजे दुकानदार निर्दोष तिकीट गिऱ्हाइकाला ज्या भावाने देईल तो भाव. तुमच्याकडून घेताना त्याला भाडे, पगार, अडकलेला पैसा, सगळे धरावे लागते. त्यामुळे हातात येते ती त्याचा एक हिस्सा. शिवाय अगदी साध्या तिकिटापुढे सूचीत जो किमान आकडा असतो, ती तिकिटाची किंमत नव्हे, ते शोधून हातात देण्याची मजुरी असते. अशा पाचशे मजुऱ्यांची बेरीज म्हणजे संपत्ती नव्हे.

मग विकावे कसे? आमच्या अनुभवातून थोडक्यात सांगते. आधी काहीही कापू, सोडवू, पुसू नका. तिकिटे बोटांनी न धरता चिमट्याने धरा. पाकिटे, १९५० पूर्वीची तिकिटे, संस्थानांची तिकिटे आणि उरलेली असे चार ढीग करा. प्रत्येक चांगल्या वस्तूचा फोटो काढा, यादी करा. किमान दोघा-तिघांना स्वतंत्रपणे दाखवा. पोस्टाच्या संग्राहक खिडकीवर नवी तिकिटे विकत मिळतात, पोस्ट जुनी परत घेत नाही. पण तिथे आणि टपाल प्रदर्शनांत संग्राहक भेटतात आणि त्यांचा सल्ला बहुधा फुकट असतो. दहा रुपयांच्या गांधीसारखी मोठी वस्तू असेल तर तिच्या नकलाही बाजारात आहेत हे लक्षात ठेवा, आणि विक्रीआधी जाणकार संस्थेचे प्रमाणपत्र घ्या. लिलावाला देताना दलाली किती, राखीव किंमत किती, पैसे कधी, हे लेखी घ्या. शंभर वर्षांपलीकडच्या ऐतिहासिक वस्तू परदेशी पाठवण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधने आहेत, तेव्हा बाहेरचे गिऱ्हाईक आले तर आधी चौकशी करा. आणि मोबाइलवर ‘एक आण्याचे तिकीट लाखाला’ असे काही आले, तर दादाची वही आठवा.

आमचे काय झाले? निवडक पाकिटे मुंबईला लिलावात दिली. पाच महिने लागले. दलाली वजा जाता तेवीस हजार आले. अल्बम नाशिकच्या एका तरुण संग्राहकाने सात हजारांना घेतले. एकूण तीस हजार, म्हणजे मिस्त्रीच्या आकड्याचा चौथा हिस्सा. तो पावसाळा सोप्यावर ताडपत्री टाकून काढला. दिवाळीनंतर आम्ही तिघा भावंडांनी उरलेली भर घातली आणि कौले चढली.

डब्यातले एक पाकीट मात्र लिलावाला गेले नाही. १९४४ चे, इटलीहून आलेले. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ तेव्हा मराठा पलटणीत होते. त्यांनी अप्पांना लिहिलेले पत्र, आतल्या कागदासकट. वर फील्ड पोस्टाचा आणि सेन्सॉरचा शिक्का. तिकीट नाहीच, कारण लढाईवरच्या जवानांचे साधे टपाल फुकट जात असे. तिकीट नव्हते म्हणूनच त्याला कात्री लागली नसणार. नाशिकच्या गृहस्थांनी सबंध डब्यातून तेच पहिले बाजूला काढले होते आणि दोन हजार तरी येतील म्हणाले होते. दादानेच सुचवले, हे विकायला नको. त्या गृहस्थांचा मुलगा अजून त्याच गल्लीत राहतो. दादा पाकीट घेऊन गेला. वडिलांचे लढाईतले एकही पत्र त्यांच्या घरात उरले नव्हते. त्यांनी ओट्यावर बसून ते दोनदा वाचले आणि मग आत जाऊन चष्मा बदलून पुन्हा वाचले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)